हवा दर दहा मिनिटांनी बदलत असताना डोंगर कसा रंगवायचा?

प्रश्न : मी खानापूरचा, नोकरी बेळगावात. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की राजहंसगड, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला चालायला जातो आणि जलरंगात डोंगर रंगवतो. जागेवर बसलो की अर्ध्या तासात ऊन, ढग, भुरभुर सगळं होऊन जातं आणि चित्र गढूळ होतं. फोटोवरून घरी केलं की कॅलेंडरसारखं दिसतं. लांबचे डोंगर निळे करूनही खोली येत नाही. जागेवर करावं की घरी? कागद वाळतच नाही, त्याला काय करायचं? की सरळ तैलरंगाकडे वळू? सोबत तीन चित्रांचे फोटो जोडले आहेत.

उत्तर : तिन्ही चित्रं निवांत बघितली. हात चांगला आहे, ब्रश चाचरत नाही. आता राजहंसगडावरून केलेलं चित्र समोर घ्या. खाली येळ्ळूरच्या भाताच्या शिवारात लख्ख ऊन, मधल्या टेकडीवर ढगाची सावली, मागच्या रांगेवर सरीचा पडदा आणि वर आकाश मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च करडं. असं आकाश असेल तर शेतात ऊन कुठून येणार? तुम्ही तासभर बसलात आणि जो भाग रंगवायला घेतला त्या वेळी जसं दिसलं तसं उतरवत गेलात. प्रत्येक तुकडा खरा आहे, पण चारही तुकडे वेगवेगळ्या वेळेचे आहेत. चित्र गढूळ वाटतं त्याचं मूळ इथे आहे, पॅलेटवर नाही. रंग बदलून, कागद बदलून हे सुटणार नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. जागेवर पोचलात की रंगाचा डबा उघडू नका, नुसते बघत बसा. आपल्याकडच्या पावसाळी हवेला एक फेरा असतो. पश्चिमेकडून सर येते, डोंगर पुसून टाकते, पुढे सरकते, मागे थोडं उघडतं, खालची शेतं उजळतात, परत ढग खाली येतो. एकदोन फेरे डोळ्यांखालून गेले की कुठली अवस्था आपल्याला हवी ते ठरतं. मग पोस्टकार्डाएवढ्या जागेत पेन्सिलीने तीनच छटांत कच्चं टिपण करा : कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. उजेड कुठून येतोय त्याचा बाण काढा. सर्वांत उजळ जागा कुठली आणि सर्वांत गडद कुठली, हे तिथेच लिहून ठेवा. यानंतर हवा काहीही करो, चित्राचा मालक ते टिपण. डोंगराचा आकार, झाडांची ठेवण, वाटेचं वळण समोर बघून घ्यायचं. उजेड आणि सावली टिपणातून घ्यायची. ठरवलेली अवस्था फिरून आली की तेवढ्या मिनिटांत रंग पडताळून घ्यायचा. मध्येच कितीही सुंदर ऊन पडलं तरी ते या कागदावर घ्यायचं नाही. फारच मोह झाला तर दुसरा कागद.

इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकाडावर बसून नुसत्या ढगांचे कितीतरी छोटे अभ्यास केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. कागदाच्या मागे ‘जांबोटी रस्ता, सकाळी साडेआठ, वारा पश्चिमेचा, सर नुकतीच गेलेली’ एवढं असलं, तर महिन्याभराने घरी मोठं चित्र करताना हजार फोटोंपेक्षा ती ओळ जास्त सांगते.

आता डोंगराच्या आकाराबद्दल, कारण तुमच्या दुसऱ्या चित्रात चोर्ल्याचे डोंगर त्रिकोणी झालेत. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतून डोक्यात बसलेला तो त्रिकोण मोठमोठ्यांना सुटत नाही. आपल्या पश्चिमेच्या डोंगरांना टोक नसतं. जांभ्याचा सपाट सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं पठार, त्याच्या कडेला एक बारीक पायरी, खाली झाडीचा उतार, मग पुन्हा एखादी सोंड. कणकुंबी, सुरल, चोर्ला या पट्ट्यात तर तुम्ही मुळात पठारावर उभे असता आणि पश्चिमेला जमीन अचानक खाली गोव्याकडे कोसळते. तिथे डोंगर वर चढत नाही, दरी खाली जाते. म्हणजे क्षितिजाची रेघ बरीच वर, जवळजवळ आडवी, आणि सगळं नाट्य तिच्या खाली, दरीतून वर येणाऱ्या ढगात. ही आडवी रेघ कंटाळवाणी वाटून लोक तिला उगाच शिखरं काढतात आणि चित्र हिमालयाचं होतं. ती रेघ तशीच ठेवा. तिची मजा कुठे तुटते आणि कुठे विरते यात आहे. महिपाळगड-वैजनाथच्या बाजूला रांगेला थोडी उठावदार पाठ मिळते, राजहंसगड माळातून एकटा वर आलेला दिसतो. तिथे उभट रचना शोभते, कणकुंबीला नाही.

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींनी ‘चित्रमंदिर’ या आपल्या कलाशाळेतून जी शिस्त रुजवली, जिथून रवि परांजपे यांच्यासारखे चित्रकार पुढे गेले, तिचा पाया रेखांकन हा होता. पावसात रेखांकन तर होणारच नाही असं समजून लोक थेट वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सपाट थराला, हात घालतात. उलट, डोंगर धुक्यात अर्धा गेला असेल तेव्हाच उरलेल्या अर्ध्याची रेघ अचूक लागते.

लांबचे डोंगर निळे करूनही खोली येत नाही, असं तुम्ही म्हणता. यायचीच नाही, कारण पावसाळ्यात ते निळे नसतातच. स्वच्छ कोरड्या हवेत हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात लांबची रांग निळी दिसते. धुक्याचे आणि ढगाचे थेंब रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून जुलैत अंतर वाढेल तसा डोंगर निळा होत नाही, तो पांढुरका होत जातो आणि शेवटी आकाशात मिसळतो. याच्या अगदी उलटा प्रकार सर ओसरल्यावर होतो. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि मगाशी नसलेली लांबची रांग एकदम गडद, धारदार, हाताशी आल्यासारखी दिसते. त्या क्षणी मागची रांग मधल्या टेकडीपेक्षा गडद असू शकते. पुस्तकातला नियम सांगतो की लांबचं ते फिकट, आणि तुम्ही डोळ्यावर विश्वास न ठेवता नियमावर ठेवता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी वेगळं : धूळ आणि वणव्यांचा धूर यामुळे अंतर पिवळसर-तांबूस होतं, निळ्यात थोडा यलो ऑकर आणि लाइट रेड घातल्याशिवाय ते साधत नाही. थोडक्यात, अंतराचा रंग महिन्यावर आणि तासावर ठरतो. ट्यूबमधला एकच निळा सगळ्या ऋतूंना पुरवू नका.

धुक्यात विरणारी रांग हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून तो जरा सविस्तर. कागद पूर्ण ओला करा, आकाशाचा हलका वॉश द्या : पुष्कळ पाणी, त्यात अल्ट्रामरीनचा (गडद निळा) अंश आणि बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) त्याहून कमी. आता थांबा आणि कागद डोळ्याच्या पातळीला आणून तिरका बघा. सुरुवातीला पाणी आरशासारखं चमकतं. या वेळी रंग टाकला तर तो वाहून जातो. मग चमक मंद, मखमली होते. ही रांग टाकायची वेळ. नंतर चमक जाते, पण हाताची पाठ टेकवली तर कागद गार लागतो. या वेळी अजिबात शिवायचं नाही, कारण आता टाकलेलं पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखे काठ उमटतात. मखमली अवस्थेत ब्रशवर घ्यायचा रंग कागदापेक्षा कोरडा हवा. ब्रश फडक्यावर टेकवून पाणी काढून घ्या, रंग दाट ठेवा. वरची कड एका दमात ओढा, मग ब्रश धुवून, पिळून, नुसत्या दमट केसांनी त्या पट्ट्याची खालची बाजू वर खेचा. रांग खालून विरते, वरून उरते. ढग डोंगराच्या माथ्यावर बसला असेल तर हेच उलटं : खालची कड कोरड्यावर, वरची ओल्यात. एकाच रांगेला डावीकडे कडक कड आणि उजवीकडे विरलेली मिळाली की हवा आपोआप येते. तुमच्या चित्रांत प्रत्येक रांगेची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच धारदार आहे. कॅलेंडरपणा म्हणता तो बऱ्याच अंशी हाच.

कागद वाळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिला पूर्ण उपाय नाही. जुलैच्या झडीत हवा आधीच पाण्याने भरलेली, ती कागदातलं पाणी घेणार कुठे? एरवी पाच मिनिटांत वाळणारा वॉश अर्धा तास ओला राहतो. म्हणून त्या दिवसांत चित्राची आखणीच वेगळी करा. ओल्यावर ओलं जेवढं होईल तेवढं एका बैठकीत जागेवर. कोरड्यावर टाकायच्या कडक गोष्टी, म्हणजे जवळचं झाड, चिऱ्यांचा गडगा, वीजेचे खांब, घरी. पाणी एरवीपेक्षा कमी वापरा, कारण ते उडून जाणार नाही. आकार छोटा ठेवा. गाडी जवळ असेल तर काच बंद करून हीटर लावला की छोटा कागद वाळतो. चालत गेला असाल तर देवळाच्या ओसरीत कागद उभा करून चहा पिऊन यायचं. भुरभुरीचे थेंब ओल्या वॉशवर पडले तर पांढरट चांदण्या उमटतात. काहीजण त्या मुद्दाम राहू देतात. मला तो प्रकार लवकर बेगडी वाटायला लागतो. एखाद्या चित्रात ठीक.

कागद मात्र चांगला घ्या. तुम्ही वापरता तो पातळ लाकडी लगद्याचा कागद दमट हवेत फुगतो आणि त्यावर दुसरा थर टाकला की पहिला उठतो. 300 जीएसएमचा (म्हणजे जाड), शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) कागद महाग पडतो हे खरं, पण त्याचे पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे तुकडे केले की खर्च आवाक्यात येतो. आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही : पावसाळ्यात कोऱ्या कागदालाही बुरशी लागते. कागदाच्या पृष्ठभागावर जी खळ असते ती बुरशी खाते, आणि मग रंग टाकला की त्या जागी तो टीपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. कोऱ्या कागदावर काही दिसत नाही, वॉश दिल्यावर कळतं. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद पिशवीत ठेवा आणि मे महिन्यात सहा महिन्यांचा साठा करून ठेवू नका.

हिरव्याचं सांगायलाच हवं, कारण तिन्ही चित्रांत सॅप ग्रीन सगळीकडे एकच आहे. खानापूर तालुक्यात ऑगस्टमध्ये उभं राहून समोर नुसतं हिरवंच दिसतं, पण ते एक नव्हे. कोवळं भात पिवळ्याकडे झुकतं : लेमन यलोत सेरुलिअनचा (आकाशी निळा) थेंब. जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी ढगाखाली जवळजवळ निळसर काळी : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा पिवळा गॅम्बोज. सड्यावरचं गवत भुरकट. आणि ओल्या पानांवर आकाशाचा पांढरा उजेड बसतो, त्यामुळे जवळचं झाड कधी कधी लांबच्यापेक्षा जास्त करडं दिसतं. हिरवा ट्यूबमधून काढायचाच नाही, असा एक मोसम नेम करा. तांबडी माती हा त्या हिरव्याचा तोल. ओली झाली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, उजेड आत शोषला जातो आणि रंग दोन पायऱ्या खाली जातो : बर्न्ट सिएनात लाइट रेड, वर अल्ट्रामरीनचा किंचित अंश. रस्त्यावरच्या डबक्यात मात्र आकाश. ती जागा कोरी ठेवा, मागाहून पांढरा लावून ती चमक येत नाही.

फोटोबद्दल. फोटो काढा, पण तो कशासाठी हे पक्कं ठेवा. फोनचा कॅमेरा पांढऱ्या धुक्याला घाबरतो. त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो धुकं मळकट करड्यात उतरवतो. वर आजचे फोन सावल्या उजळून, आकाश गडद करून, हिरव्याला भडक करून देतात. म्हणजे ज्या फरकांवर तुमचं चित्र उभं राहायचं, तेच आधी सपाट झालेले असतात. धुक्यात एक्स्पोजर हाताने थोडं वर ढकला. झाडाची ठेवण, घराच्या छपराचा कोन, गडग्याचे चिरे यासाठी फोटो बघा. छटा आणि कडा टिपणातून घ्या. जागेवर की घरी, याचं उत्तरही यातच आहे : छोटे अभ्यास जागेवर, मोठं चित्र घरी, आणि मोठं करताना फोटो शेवटी उघडायचा, आधी नाही. घरी केलेलं चित्र कमी प्रतीचं असतं असं मी मानत नाही. जागेवरचं टिपण नसताना केलेलं मात्र असतं.

एक सुचवतो. दर वेळी पश्चिमेलाच जाऊ नका. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी, छत्री उलटी होत असते तेव्हा शंभरेक किलोमीटरवर गोकाकच्या बाजूला ऊन पडलेलं असतं. ढग घाट चढताना आपलं बहुतेक पाणी खानापूर-जांबोटीला टाकतात आणि पूर्वेकडे कोरडे होत जातात. घटप्रभा जिथे 52 मीटर खाली उडी घेते त्या गोकाकच्या धबधब्याचा खडक जांभा नव्हे. थरांचा, आडव्या भेगांचा, गुलाबी-तपकिरी वालुकाश्म आहे. तिथे कडा धारदार, सावल्या निळ्या, कागद भरभर वाळतो. वर घाटात ढगांनी सोडलेलं पाणी नदीतून येतं ते गढूळ तांबडं, आणि आकाश मात्र मोकळं. श्रावणात एक दिवस जांबोटी आणि दुसऱ्या दिवशी गोकाक असं करून बघा; पॅलेट अर्धी बदलावी लागते.

वळिवाचे दिवसही सोडू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग बहुधा पूर्वेला उभे राहतात आणि सूर्य पश्चिमेला असतो. म्हणजे मागे काळाभोर पडदा आणि त्याच्यापुढे उन्हात पेटलेला माळ, वाळलेलं पिवळं गवत, एखादं एकटं झाड. इथे नेहमीचं गणित उलटं होतं, आकाश जमिनीपेक्षा गडद. हे दृश्य टिकतं जेमतेम पंधरा मिनिटं, त्यामुळे टिपण आणि दोन-तीन मोठे वॉश, बस्स.

आणि हे वळिवाचंच म्हणून लिहितो : गडगडाट ऐकू आला की सड्यावर थांबायचं नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती धोक्याच्या अंतरात आहे. उघड्या पठारावर धातूचं ईझल (चित्र ठेवायची घोडी) उभं करून बसणारा माणूस हीच तिथली सगळ्यात उंच वस्तू असते. खाली उतरा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर येऊ नका. भीमगड अभयारण्याच्या बाजूला किंवा राखीव जंगलातल्या धबधब्यांकडे जायचं तर वनखात्याची परवानगी आधी विचारा. पावसाळ्यात अनेक वाटा बंद असतात. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी मारलं की भागतं. निसरड्या जांभ्यावर, शेवाळ धरलेल्या कातळावर, पाठीवर बोर्ड घेऊन चढताना बोर्डाला वारा लागतो हे विसरू नका. तो उभा न बांधता पाठीला सपाट बांधा.

तैलरंगाबद्दल. जलरंग वाळत नाही म्हणून तैलरंगाकडे वळाल तर निराशा होईल. जवसाचं तेल पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि गार दमट दिवसांत ते आणखी संथ चालतं. घाटातून ओला कॅनव्हास दुचाकीवर आणणं हा वेगळाच उद्योग. पावसात पटकन आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येईल असं काही हवं असेल तर गुआश हा पाण्यात मिसळायचाच दाट रंग घ्या. तो अपारदर्शक असतो, गडदावर उजळ टाकता येतो, धुक्याचा पट्टा वरून चढवता येतो आणि पाच-सहा ट्यूबांत काम होतं. करड्या रंगाच्या माउंट बोर्डावर करा. मधली छटा आयती मिळते, उजळ आणि गडद तेवढे टाकायचे. तैलरंग ऑक्टोबरनंतर. तेव्हा सकाळी मलप्रभेच्या खोऱ्यात धुकं भरतं आणि नऊपर्यंत विरतं, वारा नसतो, ईझल उभं राहतं आणि एकच हवा दोन तास टिकते.